निविदा निघण्याआधी: आर्किटेक्टच्या टेबलावरचं काम



"आर्किटेक्ट काय, तो चित्र काढतो, बांधतो आपण!" हे वाक्य आपल्या मेसमध्ये महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं. सिव्हिलची मुलं ते जरा जास्तच जोरात म्हणतात. मीही सिव्हिलचाच, त्यामुळे मला त्यात गंमत वाटते. पण सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये निविदेचे कागद हाताळायला मिळाले, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. इमारतीत पुढे जे वाद होतात, जे खर्च वाढतात, जे राहून जातं, त्यातलं पुष्कळसं पहिली कुदळ पडायच्या आधीच कागदावर ठरलेलं असतं. ते कागद तयार करणं ही आर्किटेक्टची जबाबदारी. तिच्याबद्दल आपल्या अभ्यासक्रमात 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग'च्या पेपरात थोडंफार येतं, व्हायवात एखादा प्रश्न येतो, आणि आपण विसरून जातो. म्हणून हा लेख.

उदाहरण माझ्या गावाचं घेतो. समजा, आमच्या बेंबळीत (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) मुलांसाठी दोन खोल्यांची अभ्यासिका बांधायची आहे. प्रत्येक खोली भिंतींच्या मध्यरेषेवर ६ मीटर बाय ५.५ मीटर, मधली भिंत सामाईक. म्हणजे ६ मीटरच्या तीन भिंती आणि ५.५ मीटरच्या चार. एकूण लांबी १८ अधिक २२, बरोबर ४० मीटर. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (सोयीसाठी सांध्यांची वजावट सोडून देतो.)

निविदा म्हणजे कशाचा दर?

ठेकेदार निविदा भरतो तेव्हा इमारत अस्तित्वात नसते. तो दर देतो तो कागदाला. कागदावर जे आहे त्याचा दर येतो, जे नाही त्याचा येत नाही, आणि जे मोघम आहे त्याचा प्रत्येक जण आपापल्या सोयीने अर्थ लावतो. 'चांगल्या प्रतीची फरशी' असं लिहिलं तर एकाच्या डोळ्यापुढे शहाबादी येते, दुसऱ्याच्या व्हिट्रिफाइड. मग या दोघांच्या दरांची तुलना करायची तरी कशी? तेव्हा निविदापूर्व कागदांची पहिली कसोटी साधी आहे: दहा ठेकेदारांनी ते वाचले तर दहाही जणांच्या मनात एकच इमारत उभी राहिली पाहिजे.

आपल्याकडे आर्किटेक्टचा व्यवसाय 'आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२' खाली चालतो. त्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या सेवाशर्तींत काम टप्प्याटप्प्याने मांडलेलं आहे. आधी संकल्पना, मग प्राथमिक आराखडा, मग मंजुरीची ड्रॉइंग, चौथा टप्पा वर्किंग ड्रॉइंग आणि निविदा कागदपत्रांचा, आणि त्यानंतर ठेकेदाराची नेमणूक. चौथ्या टप्प्यात वर्किंग ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन, परिमाणांची यादी, मोजमापाची पद्धत, पैसे देण्याची पद्धत, गुणवत्ता तपासणी आणि कराराच्या अटी, एवढं सगळं अपेक्षित आहे. अमेरिकेतल्या आर्किटेक्ट संस्थेच्या बी-१०१ या नमुना करारातही हाच क्रम आहे, आणि तिथे आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: या टप्प्यात खर्चाचा अंदाज ताजा करून मालकाला सांगायचा. आराखडा वाढत गेला आणि खर्च मात्र पहिल्या बैठकीत सांगितला तेवढाच राहिला, असं होऊ द्यायचं नाही.

सरकारी कामात याची रचना थोडी वेगळी. सार्वजनिक बांधकाम विभागात नकाशे मुख्य वास्तुशास्त्रज्ञांच्या कार्यालयाकडून येतात, आणि अंदाजपत्रक अभियंते दरसूचीवरून करतात. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता या दोन पायऱ्या चढल्याशिवाय निविदा निघत नाही. आपण ज्याला 'कागदी घोडे' म्हणतो, त्यातले हे दोन घोडे मात्र कामाचे आहेत. पहिली मान्यता विचारते, 'हे करायचं का आणि पैसे आहेत का?' दुसरी विचारते, 'हे असंच करायचं का आणि एवढ्यातच होईल का?'

आधी जागा वाचायची: काळी आणि पांढरी

गावाकडची माणसं जमिनीला दोन नावं देतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा फरक आर्किटेक्टने ड्रॉइंग बोर्डवर बसायच्या आधी पायाने चालून बघायचा असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला की भिंती तडकतात. गावठाणातली पांढरी म्हणजे पिढ्यानपिढ्यांच्या पडझडीचा, राखेचा, मातीचा भराव. तो एका कोपऱ्यात हातभर असेल, दुसऱ्यात पुरुषभर.

म्हणून निविदेआधी चाचणी खड्डे घ्यायचे, कठीण मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजायचं आणि ती माहिती निविदेत जोडायची. खर्च फार नाही. न केल्यास काय होतं ते बघा. आपल्या अभ्यासिकेच्या पायाचा चर ४० मीटर लांब, १ मीटर रुंद. सवयीने '१.५ मीटर खोल' असं लिहिलं तर खोदाई ६० घनमीटर. प्रत्यक्षात मुरूम २.४ मीटरवर लागला तर ९६ घनमीटर. म्हणजे ६० टक्के जास्त, आणि अजून पायातलं बांधकाम, भराव हे मोजलेलंच नाही. परिमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं (अनेक करारांत ही मर्यादा २५ टक्क्यांची असते) की जादा कामाच्या दराचा प्रश्न नव्याने उभा राहतो. तिथे स्पर्धा नसते, समोर एकच ठेकेदार असतो आणि खड्डा उघडा पडलेला असतो. अशा वेळी मालकाची बाजू किती मजबूत राहील ते तुम्हीच सांगा.

ड्रॉइंगचा संच

मंजुरीचा नकाशा आणि वर्किंग ड्रॉइंग यांत आपली पुष्कळ गल्लत होते. मंजुरीचा नकाशा नियमाला उत्तर देतो: अंतरं सोडली का, उंची बसते का. वर्किंग ड्रॉइंग गवंड्याला उत्तर देतं: ही भिंत कुठून कुठपर्यंत, खिडकीची उंबरठापातळी किती, पाणी कुठून उतरणार. छोट्या अभ्यासिकेलासुद्धा संचात एवढं तरी लागतं: चतुःसीमा आणि उत्तर दिशा दाखवणारा जागेचा नकाशा, आखणीचा नकाशा, पायाचा नकाशा, जोत्यापासून छतापर्यंतचे किमान दोन छेद (त्यातला एक जिन्यातून किंवा संडासातून गेलेला असावा; सोप्या भागातून छेद घेऊन सुटका करून घ्यायची नाही), चारही बाजूंचे दर्शनी नकाशे, दारं-खिडक्यांचा तक्ता, प्रत्येक खोलीच्या फरशी-गिलावा-रंगाचा तक्ता आणि मोठ्या मापात काढलेले तपशील. गच्ची आणि भिंत जिथे भेटते, पाणी उतरणारा पाइप जिथे निघतो, खिडकीचा छज्जा जिथे भिंतीत बसतो, अशा जागांचे तपशील द्यायचेच. गळती अशाच जागांतून होते.

प्रत्येक ड्रॉइंगला क्रमांक, तारीख आणि सुधारणेचा क्रमांक हवा. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' अशा फाइली करतो, तसं इथे चालत नाही. कराराला जोडलेली ड्रॉइंग कोणती, यावर पुढे लाखाचे निकाल लागतात.

आणखी एक काम आर्किटेक्टचंच आहे, ते म्हणजे सगळ्यांचा मेळ घालणं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची तुळई, इलेक्ट्रिकलवाल्याची पाइपलाइन आणि प्लंबिंगची ओळ एकाच जागेतून जात असतील तर ते कागदावर सापडलं पाहिजे. कागदावर ती चूक खोडरबराने पुसता येते, स्लॅब पडल्यावर तिला ब्रेकर लागतो.

स्पेसिफिकेशन: 'चांगल्या प्रतीचे' म्हणजे काय?

ड्रॉइंग सांगतं कुठे आणि केवढं. स्पेसिफिकेशन सांगतं कशाचं आणि कसं. 'चांगलं सिमेंट' हा मोघम शब्द. त्याऐवजी प्रकार, भारतीय मानकाचा क्रमांक, काँक्रीटची श्रेणी, क्युरिंगचे दिवस, घ्यायच्या चाचण्या आणि चाचणी नापास झाली तर पुढे काय, हे लिहायचं. एखाद्या कंपनीचं नाव द्यावंच लागलं तर 'किंवा समकक्ष' लिहावं, आणि समकक्ष कोण ठरवणार तेही लिहावं. नाहीतर ते दोन शब्द ठेकेदाराला मोकळं रान देतात. जुन्या कामाचं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं चिकटवणं हा आपल्या जर्नल उतरवण्यासारखाच प्रकार. त्यातून मग मराठवाड्यातल्या खेड्याच्या निविदेत समुद्राच्या खाऱ्या हवेपासून संरक्षणाची अट येऊन बसते.

परिमाणांची यादी आणि हुशार दर

परिमाणांची यादी म्हणजे निविदेचं गणित. मोजायचं कसं याचे नियम आयएस १२०० मध्ये आहेत. उदाहरणार्थ, गिलाव्यात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत. नियम आधी सांगितला नाही तर बिलाच्या वेळी दोघंही आपापल्या पद्धतीने बरोबर ठरतात!

परिमाणं चुकली तर काय होतं हे एका छोट्या हिशोबाने दाखवतो. दर सोपे धरले आहेत, बाजारभाव नाहीत. कागदावर दोनच बाबी: खोदाई ६० घनमीटर, रंगकाम ५०० चौरस मीटर. प्रत्यक्षात खोदाई ९६ आणि रंगकाम ३०० होणार आहे.

पहिला ठेकेदार खोदाईला ३०० रुपये आणि रंगाला १०० रुपये दर देतो. कागदावर त्याची रक्कम १८,००० अधिक ५०,०००, म्हणजे ६८,००० रुपये.

दुसरा ठेकेदार जागेवर जाऊन आलेला आहे. मुरूम खोल आहे आणि रंगाचा आकडा फुगवलेला आहे, हे त्याने ओळखलं. तो खोदाईला ६०० आणि रंगाला ६० दर देतो. त्याची रक्कम ३६,००० अधिक ३०,०००, म्हणजे ६६,००० रुपये. निविदा कमी, काम त्याला.

आता प्रत्यक्ष बिल बघा. पहिल्याला काम दिलं असतं तर २८,८०० अधिक ३०,०००, म्हणजे ५८,८०० रुपये झाले असते. दुसऱ्याचे होतात ५७,६०० अधिक १८,०००, म्हणजे ७५,६०० रुपये. सगळ्यात कमी दराची निविदा १६,८०० रुपयांनी महाग पडली. कुणी चोरी केली नाही, कुणी नियम मोडला नाही. परिमाणं चुकीची होती, एवढंच.

आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत बी-१ आणि बी-२ असे नमुने ऐकू येतात. बी-१ मध्ये दर छापील असतात, ठेकेदार फक्त टक्केवारी वर-खाली करतो. बी-२ मध्ये बाबनिहाय दर भरतो. वरची खेळी बी-२ सारख्या पद्धतीत चालते. बी-१ मध्ये ती अडते, पण परिमाण वाढल्यावर पैसे वाढायचे ते वाढतातच.

कागदांचं एकमेकांशी पटलं पाहिजे

ट्रेनिंगच्या काळात एका गावातली शाळेची इमारत पाहिली. गावाचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. नकाशात प्रवेशाशी उतार, म्हणजे रॅम्प, नीट काढलेला होता. परिमाणांच्या यादीत रॅम्पची बाबच नव्हती. ठेकेदार म्हणाला, यादीत नाही म्हणजे माझ्या दरात नाही. कार्यालय म्हणालं, नकाशात आहे म्हणजे करायचा. कागदांत विसंगती आली तर कोणता कागद वरचढ, हे करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पत्रं गेली, पत्रं आली, निधीची मुदत संपली. इमारतीला रंग लागला, रॅम्प झालाच नाही. त्या शाळेत पायाने अधू असलेला एक मुलगा आहे. जोत्याच्या चार पायऱ्या त्याला त्याचा मोठा भाऊ उचलून चढवतो. भाऊ गैरहजर असला की तोही गैरहजर.

खर्चाच्या दृष्टीने ती बाब अगदीच किरकोळ होती. निविदा निघण्याआधी कुणी एकाने नकाशा डाव्या हाताला आणि यादी उजव्या हाताला ठेवून एक-एक गोष्ट टिक केली असती, तर तासाभरात सापडली असती. तो तास आर्किटेक्टचा होता. दोन गोष्टी म्हणूनच अत्यावश्यक आहेत: सगळ्या कागदांची उलटतपासणी, आणि विसंगती निघालीच तर कोणाचं म्हणणं आधी धरायचं त्याचा लेखी क्रम.

किल्लारीने शिकवलेलं

आमच्या भागात या विषयाला आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली माणसं. सुमारे ८ हजार माणसं गेली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर ही नावं त्या पहाटेनंतर सगळ्या देशाला माहीत झाली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीचे दोन थर आतून एकमेकांना बांधलेले नसत; हादरा बसताच ते सुटे झाले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. याशिवाय सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम अनेक जिल्ह्यांत झालं. त्याच १९९३ सालच्या आयएस १३८२८ या मानकात दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड ६०० मिलिमीटर उंचीला आणि १.२ मीटरपेक्षा जास्त नाही अशा आडव्या अंतरावर ठेवायला सांगितलं आहे. किल्लारीचा भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या परिक्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित आयएस १८९३ मध्ये तो तिसऱ्यात आला.

आता हे निविदेशी कसं जोडलं जातं? आपल्या अभ्यासिकेच्या भिंतींवर लिंटेलच्या पातळीला भूकंपरोधक पट्टा हवा. तो सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरायला हवा, म्हणजे ४० मीटर. पण यादी करणाऱ्याने सवयीने नुसतं 'दारं-खिडक्यांवरील लिंटेल' असं लिहिलं, तर दोन दारं प्रत्येकी १.३ मीटर आणि सहा खिडक्या प्रत्येकी १.८ मीटर, टेकू धरून एकूण १३.४ मीटर होतात. एका शब्दाच्या फरकाने दोन तृतीयांश पट्टा नाहीसा झाला. ठेकेदार यादीप्रमाणे बांधणार. गिलावा झाल्यावर कुणाला काही दिसणार नाही, आणि कदाचित पन्नास वर्षं काही होणारही नाही. भूकंपरोधक पट्टा, आरपार दगड, कोपऱ्यातल्या सळ्या या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्या ड्रॉइंगमध्ये तपशिलाने, स्पेसिफिकेशनमध्ये शब्दांनी आणि यादीत स्वतंत्र बाब म्हणून, अशा तिन्ही ठिकाणी आल्या पाहिजेत.

निविदा उघडेपर्यंत

कागद तयार झाले की ते आधी मालकाला समजावून सांगायचे. मालक म्हणजे ग्रामपंचायत असेल तर सभेत, साध्या मराठीत, नकाशा भिंतीला लावून. 'इथे सही करा' म्हणजे समजावणं नव्हे. काय मिळणार, काय मिळणार नाही, खर्च किती आणि मुदत किती, हे सरपंचांना आणि मागच्या रांगेत बसलेल्या आजोबांनाही कळलं पाहिजे.

निविदा निघाल्यावर शंका येतात. नियम असा की, एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना द्यायचं, तेही लेखी. निविदापूर्व बैठकीचं टिपण आणि शुद्धिपत्रक यासाठीच असतं. ओळखीच्या ठेकेदाराला फोनवर 'तो खड्डा जरा खोल धरा' असं सांगितलं की बाकीच्यांवर अन्याय झाला आणि वरचा दुसऱ्या ठेकेदाराचा हिशोब आपणच घडवून आणला. आर्किटेक्टांच्या व्यावसायिक वर्तणुकीचे १९८९ चे नियम करार राबवताना निष्पक्ष राहायला सांगतात आणि काम मिळवण्यासाठी कमिशन, भेटवस्तू देण्या-घेण्याला मनाई करतात. हल्ली निविदा ऑनलाइन भरल्या जातात, लिफाफे फोडण्याचा जमाना गेला. पण संगणक फक्त दर उघडतो. ज्या कागदाला दर दिला तो कागद बरोबर आहे का, हे तो सांगत नाही.

मग आपला काय संबंध?

सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटलं की, आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी वापरण्यावर बंधन घालतं, ते काम करण्यावर नाही. म्हणजे खेडोपाडी, जिथे आर्किटेक्ट पोचतच नाही, तिथे ही कागदपत्रं आपल्यासारखे इंजिनिअरच करणार आहेत. उपाधी मिळणार नाही, जबाबदारी मात्र तीच असेल.

तेव्हा पुढच्या सेमिस्टरला एस्टिमेटचं शीट मित्राकडून उतरवण्याआधी एक प्रयोग करून बघा. आपल्या होस्टेलची एक खोली घ्या. तिचं प्लॅन, एक छेद, दार-खिडकीचा तक्ता, अर्ध्या पानाचं स्पेसिफिकेशन आणि परिमाणांची यादी तयार करा. मग ते कागद शेजारच्या खोलीतल्या मेकॅनिकलच्या मित्राला द्या आणि तोंडातून एक शब्द न काढता त्याला विचारू द्या. तो जेवढे प्रश्न विचारेल तेवढ्या जागा तुमच्या निविदेत मोघम राहिल्या आहेत. माझ्या रूम पार्टनरने मला सव्वीस विचारले. त्यातला पहिलाच होता, "दार आत उघडतं की बाहेर?"

— एक बेंबळीकर, तृतीय वर्ष, स्थापत्य